उजवीकडचा भांग

“बाबांचा फोटो मोठा करून आणायची काही गरज नाही!” तिने भावाला ठणकावलं. “चित्र मी छापणार. हाताने. जगात दुसरं नसेल असं!”

शोकसभा रविवारी दुपारी होती. मोनोप्रिंटच्या वर्गाचे तिचे चार शनिवार झाले होते. काचेवर रंगाने चित्र काढायचं, रंग ओला असतानाच वर कागद ठेवून दाबायचा, अलगद उचलायचा. रंग जवळजवळ सगळा कागदावर येतो, म्हणून चित्र एकच निघतं. दवाखान्यात दोन महिने उशाशी बसून बाबांचा चेहरा तिला पाठ झाला होता. पुसट व्हायच्या आत तो उतरवायचा होता, बस.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरात काच मांडली. कपाळ, नाक, डावीकडचा भांग, सगळं जागच्या जागी. कागदावरून लाटणं फिरवलं आणि कागद उचलला.

आईने चष्मा लावून पाहिलं. “छान आलाय. पण हा तुझा काका आहे.”

चित्र उलटं उमटतं हे तिला माहीत होतं हो! पण वर्गात तिने छापल्या होत्या फुलदाण्या, आणि फुलदाणीला भांग नसतो!

काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. हुबेहूब तोच चेहरा, फक्त भांग उजवीकडे. उसनी नेलेली शिडी मोडकी परत आली, यावरून दोघांचं बिनसलं ते अकरा वर्षं. काका दवाखान्यातही फिरकले नव्हते.

“दुसरं काढ ना,” भाऊ म्हणाला.

“चेहरा आहे तो! कपाटातला शर्ट नव्हे!”

तेवढ्यात पाहुणे दारात. फोटो नव्हताच. चित्र भिंतीवर गेलं.

आणि पाठोपाठ आले काका-काकू!

बाबा-काकांच्या जुन्या घराशेजारच्या आजींनी चित्राकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं आणि थेट तिच्या गळ्यात पडल्या. “कसं गं झालं हे! चांगले धडधाकट होते!”

“अहो, ते तुमच्या मागे उभे आहेत!” काकू गुदमरत म्हणाली.

आजींनी मागे पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसल्या. भाऊ हसू दाबायला गॅलरीत पळाला.

काका मात्र चित्रासमोर खिळले होते. “दादाने काढायला सांगितलं होतं? माझं?” त्यांचे डोळे भरले. “म्हणजे राग गेला होता त्याचा!”

तिने तोंड उघडलं. आईने कोपराने ढोसलं.

“घेऊन जा हो, भावोजी,” आई म्हणाली.

जगातलं एकुलतं एक चित्र काकूच्या पिशवीत गेलं!

सोमवारी काकांचा फोन. “अगं, माझ्याशी ताडून बघायला ते आरशासमोर धरलं. आरशात दादा दिसला. म्हणजे राग गेला नव्हता. चित्र राहू दे माझ्याकडे. चालेल ना?”

तिला शब्द जुळवायला जरा वेळ लागला.

“राहू द्या की!” ती कडाडली. “अकरा वर्षं बघायला आला नाहीत, आता बघा रोज!”

इतकं धारदार तिला आयुष्यात सुचलं नव्हतं. काकांनी फोन केव्हाच ठेवला होता.