काकूंची दुनळी

सबनीस काका बंदुकीला पेपर वाचून दाखवत. रोज, दुपारी दोन ते तीन.

उत्तरेत, महानगर नावाच्या मोहल्ल्यात आमची दोन घरं एका भिंतीची. नव्वदच्या दशकातला तो मे महिना, बाहेर लूच्या झळा, खिडक्यांना वाळ्याचे पडदे. त्या काळोख्या गारव्यात मी आडवा पडलो की पलीकडून काकांचा आवाज यायचा. "निशातगंजात परवल महागलंय म्हणे. तरी आणू का?" मग शांतता. बराच वेळ शांतता. आणि मग, खट्.

घरात काकांशिवाय कोणी नव्हतं. काकूंना जाऊन दोन वर्षं झाली होती. माझ्या अंगावर काटा यायचा आणि, खोटं कशाला सांगू, मजाही वाटायची.

दुनळी मूळची काकूंच्या वडिलांची. ते चंद्रपूरकडे जंगलखात्यात होते. त्यांच्यामागे ती लायसन्ससकट लेकीकडे आली. दर रविवारी काकू ती स्वतः पुसत. काकांना हात लावायची बंदी. कारण काका पडले वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि त्यांचं म्हणणं एकच: "सुटं केलं की कळतं." या म्हणण्यापायी त्यांचा मिक्सर, भिंतीवरचं घड्याळ आणि माझी स्कूटर सुटी झाली होती. स्कूटर तेवढी परत जोडली गेली. ती अजून कण्हते.

काकू गेल्यावर बंदूक गंजू नये म्हणून पहिल्याच दिवाळीत काकांनी ती सुटी केली. हत्यार म्हणजे स्वयंपाकघरातला स्क्रूड्रायव्हर. स्क्रूंची डोकी पार गुळगुळीत झाली. नळ्या तारेच्या घासणीने घासल्या. काडतुसावर आपटणारे वरचे दोन घोडे मागे ओढल्यावर ज्या खाचांत अडकून राहतात त्या खाचा काकांना खरखरीत वाटल्या, म्हणून पॉलिशपेपरने आरशासारख्या केल्या. एक स्प्रिंग उडाली ती आजतागायत सापडलेली नाही. शेवटी सगळ्यावर खोबरेल ओतलं.

परिणाम असा, की घोडे मागे ओढले तर टिकत, पण किती वेळ ते घोड्यांच्या मर्जीवर. मग एखादा आपोआप निसटून आपटे.

एका दुपारी राहवेना म्हणून मी पलीकडे गेलो. काकूंच्या वेताच्या खुर्चीत दुनळी टेकवलेली, घोडे ओढलेले, समोर पेपर घेऊन काका. नळ्या रिकाम्या आहेत हे त्यांनी मला आधी उघडून दाखवलं.

"उजवा पडला तर हो, डावा पडला तर नाही," ते म्हणाले.

"काका, खाच झिजलीय. म्हणून पडतो तो."

"ठाऊक आहे रे. मीच झिजवली."

"मग?"

"डावा जास्त पडतो. तिचंही प्रमाण हेच होतं. जानेवारीत मात्र अबोला. खोबरेल गोठतं ना." मग खुर्चीकडे वळून त्यांनी विचारलं, "भात लावू का गं?"

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला. आम्ही दोघं त्या खुर्चीकडे बघत बसलो, आणि माझ्या लक्षात आलं की मीही उत्तराची वाट बघतोय.

खट्. डावा.

"पोळी तर पोळी," म्हणत काका उठले.

महिन्याभरात निवडणूक लागली. अशा वेळी लायसन्सची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. हवालदाराने घोडे ओढून पाहिले, तर चापाला बोट लागायच्या आत खट्. त्याने बंदूक लांब धरली. "बाबूजी, ये तो अपने आप चलती है। मिस्त्री से ठीक कराइए, वरना लायसन्स भी जाएगा और बंदूक भी।"

काकूंची वस्तू कायमची जाणार म्हटल्यावर काकांचा चेहरा उतरला. मीच त्यांना कैसरबागेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रींनी बंदूक उघडली, आत पाहिलं आणि चष्मा काढला. "हुज़ूर, इसकी सफ़ाई की है या इसे सज़ा दी है?"

"सुधरेल ना?" काका मराठीतच विचारून गेले.

"दोनों घोड़े पत्थर की तरह रुकेंगे।"

काका घुटमळले. "एक... ज़रा ढीला रह जाए तो?"

"तो किसी दिन किसी की जान जाएगी, हुज़ूर।"

काकांनी दुनळी त्यांच्यापुढे सरकवली.

दुरुस्त झालेली दुनळी ठाण्यात जमा झाली. मतदान झालं, ती घरी आली. त्या दुपारी मी भिंतीला कान लावूनच पडलो होतो. घोडे ओढल्याचे दोन आवाज आले. मग काका वाचू लागले. "गोमती नगरात नवी घरं होतायत. आपण बघून यायचं का?"

काही नाही.

"रिक्षाने जाऊ. उन्हं उतरल्यावर."

मी कान भिंतीला आणखी दाबला. खट् आलं नाही.

"बरं," बऱ्याच वेळाने ते हलक्या आवाजात म्हणाले. "झोप तू."

पान उलटल्याचा आवाज आला, तोही जपून. बाकीचा पेपर काकांनी मनातल्या मनात वाचला.