याकोबभाऊंचे संदेष्टे

नळाला पाणी आलं नाही की आम्ही सरपंचाकडे जातो. याकोबभाऊ शेजाऱ्याच्या दारात उभे राहतात आणि गंभीरपणे विचारतात, "आपलं काय चुकलं असन, भाऊ?"

आमचं जुनं गाव वाघांसाठी राखलेल्या जंगलात गेलं. आम्हाला पोंभुर्ण्याकडच्या एका माळावर, एकसारख्या घरांत आणून बसवलं. याकोबभाऊंचं गावातलं एकुलतं ख्रिस्ती घर. मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करता करता त्यांना बायबलातले यहुदी संदेष्टे भेटले. फार पूर्वी यहुद्यांचं राज्य बुडालं, त्यांना बाबेलला हाकलून नेलं, आणि हे संदेष्टे त्याचा अर्थ सांगत राहिले. याकोबभाऊंच्या बोलण्यात ती माणसं कालच्या एसटीने येऊन गेल्यासारखी येतात.

कुणी सरकारला शिव्या दिल्या की म्हणणार, "सरकार तं काठी आहे. यशया सांगून गेला. काठीवर काऊन चिडता? धरनाऱ्याले इचारा!"

लहानूभाऊ एकदा भडकला. "म्हंजे वाघाचं काईच चुकलं नाई?"

"वाघाले बांध सरकवता येते काय? झिंगाबाईचा बांध तू सरकवला. विधवा बाई आहे ते. आमोस संदेष्टा असता तं तुले सोडला नसता."

लहानूभाऊने त्यांच्याशी बोलणं टाकलं.

आम्ही नव्या घरांची अंगणंही सारवत नव्हतो. परत जायचं होतं ना. याकोबभाऊ दारोदार ओरडत फिरले, "यिर्मयानं बाबेलले निरोप धाडला होता! घरं बांधा, झाडं लावा, पोरींचे लगन करा. जिथी आणून टाकलं, त्याच गावाचं भलं मांगा!" पहिला आंबा त्यांनीच लावला. हळूहळू अंगणं सारवली गेली. लहानूभाऊच्या पोरीचं लग्न इथेच लागलं. पंगतीत झिंगाबाईला त्याने स्वतः वाढलं.

मागच्या उन्हाळ्यात वनखात्याने गावदेवीच्या पूजेसाठी आम्हाला जुन्या गावात जाऊ दिलं. याकोबभाऊही आले. पूजा आटोपल्यावर पाहिलं, तर ते मोहाखाली बायकोच्या, शांताबाईच्या, कबरीपाशी बसले होते. रानडुकरांनी दगड उकरले होते. ते एकेक परत रचत होते. मीही हात लावला. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "याबद्दल कोनी सांगून गेला काय, भाऊ?"

"गेला ना. यहेज्केल. त्याची बायको मेली, अन् देव म्हनला, रडू नोको. लोकाइचं सारं बुडून राह्यलं, त्याइले तुयाकडं पाहून समजू दे. तो नाई रडला." त्यांनी पुढचा दगड उचलला. "शांता गेली तेवा गाव उठून राह्यलं होतं. लोकाइले धीर द्याचा होता. मीबी नाई रडलो."

दगड त्यांच्या हातातच राहिला.

"आता तं गाव बसलं ना?" त्यांनी मला विचारलं.

"बसलं, भाऊ."

मग ते रडले. एकेक करून सगळे त्यांच्याभोवती येऊन बसले. निघायची वेळ झाली म्हणून वनरक्षक बोलवायला आला, तेव्हा कुणीच उठलं नाही.