चौगुले सरांची पेशी

पाडव्याला चौगुले सरांनी आमच्या दारात रांगोळीचा अमीबा काढला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. आई म्हणाली, "हे काय सांडलंय?" सर म्हणाले, "आवं काकू, सांडलेलं न्हाई. आपला मूळपुरुष हाय ह्यो."

सर सांगलीत आमच्या शेजारी एकटे राहतात. शाळेत चित्रकला शिकवायचे. विज्ञानाच्या बाईंना तक्ते काढून देता देता पेशींच्या नादाला लागले, ते लागलेच. निवृत्तीनंतर गल्लीतली अंगणं हाती आली. लोक मोर मागतात, सर हरितलवक काढतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी ताटाभोवती महिरपीऐवजी पेशीपटल काढलं, त्यात एक फट ठेवली आणि जिलबी वाढणाऱ्याला बजावलं, "वाढायचं ते ह्या फटीतनंच."

कुणाच्या घरी सून गरोदर असली की मात्र सरांना बोलावणं यायचंच. तिच्या दारात ते एक गोल पेशी काढत. दुसऱ्या दिवशी तिच्या दोन, मग चार, मग आठ. गल्लीला बातमी रांगोळीवरूनच कळायची.

घोटाळा झाला तो शिंदेकाकूंच्या दारात. तिथं पेशीच्या चार झाल्या आणि बायका ओटीचं सामान घेऊन हजर. काकूंची नात बिनलग्नाची, कॉलेजात जाते. शिंदेकाका फौजेतले सुभेदार, त्यांनी रांगोळी बुटानं पुसली. सर म्हणाले, "तुमच्या मांजरीसाठी काढलीवती. गाभण हाय ती. तिचं कोण कवतिक करतंय?"

"मास्तर, पुन्हा कुणाच्या दारात बसायचं न्हाई," सुभेदारांनी हुकूम सोडला. सरांनी रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला आणि बाहेर पडायचंच बंद केलं.

नेमके तेव्हाच माझ्या बायकोला, सुनंदाला, दिवस गेले. आम्ही दोघं सरांना बोलवायला गेलो. ते नको म्हणाले. विषय वाढवावा म्हणून मी सहज विचारलं, "सर, तुमच्या स्वतःच्या दारात कधी रांगोळी दिसली नाही?"

"काढलीवती की. आमची ही हुती तवा," सर म्हणाले. "चारापर्यंत आली. पुढं न्हाई."

आम्ही तसेच परतलो.

सकाळी पाहतो तर सुनंदा सरांच्या उंबऱ्यापाशी बसलेली. तिनं चार पेशी काढल्या होत्या. कसल्या पेशी, चार बटाटे होते ते. चाहूल लागून सर बाहेर आले आणि बघत उभे राहिले.

"पुढचं मला येत नाही, सर," ती म्हणाली.

सुभेदार फिरायला निघाले होते. ते थबकले, रांगोळीकडे पाहिलं, आणि कडेकडेनं पाय टाकत निघून गेले.

सर खाली बसले. रांगोळीची चिमूट हातात घेतली. मग बटाट्यांना हात न लावता त्यांच्या शेजारी पाचवी पेशी काढली.