इनसुकच्या आईचा गुडघा

प्यो इनसुकला रुग्णालयाच्या प्रमुखाच्या खुर्चीत बसून जेमतेम तास झाला होता, तोच खालून रखवालदाराचा फोन आला. "मॅडम, तुमच्या गावाहून, पामगोलहून बस आलीय. एकतीस माणसं आहेत. सगळ्यांनी पायजमे गुडघ्यापर्यंत वर केलेत!"

इनसुक धावतच खाली गेली. चेस्टनटची पोती, आंबवलेल्या कोबीच्या किमचीचे डबे आणि मधोमध नव्या जांभळ्या कोटातली तिची आई. गावप्रमुख थाकने वेशीवरचा कापडी फलक काढून सोबत आणला होता: 'पामगोलची लेक, गुडघ्यांची नामांकित डॉक्टर प्यो इनसुक, रुग्णालयाची प्रमुख!'

इनसुक सव्वीस वर्षं मनोविकारतज्ज्ञ होती. "वेड्यांची डॉक्टरीण" म्हणणाऱ्यांना ती पुरून उरली होती, तळघरात कोंबलेला आपला विभाग तिने भांडून तिसऱ्या मजल्यावर आणला होता.

आईने तिला खांबाआड ओढलं. "बायकांनी विचारलं, पोरगी कसली डॉक्टर? तेव्हा मी गुडघा चोळत होते. 'गुडघ्यांची' असं गेलं तोंडातून."

"कधी विचारलं?"

"तू शिकून आलीस तेव्हा."

"आई! सव्वीस वर्षं?"

"मग काय सांगू, वेड्यांची? तुझं लग्न ठरायचं होतं. आजचा दिवस गुडघ्यांची हो गं. गावात तोंड दाखवायचंय मला."

इनसुकला वाईट वाटलं. सकाळी अख्ख्या रुग्णालयाने टाळ्या वाजवल्या होत्या. आईने मात्र तिच्या कामाचं नाव अजून एकदाही घेतलं नव्हतं. पण गावासमोर आईला खोटं पाडणं तिच्याने होईना. तिने हाडांच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं आणि तोवर पहिल्या म्हातारीला, क्वाक आजीला, आत घेतलं.

सवयीने तिने विचारलं, "आजी, झोप लागते का?"

आजी अर्धा तास बोलत राहिली. म्हातारा गेल्यापासून ती रोज दोन वाट्या भात वाढत होती, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. डोळे पुसून ती बाहेर आली आणि म्हणाली, "गुडघा हलका झाला बाई!"

झालं, इनसुकच्या दाराशी रांग लागली. हाडांचे डॉक्टर आले ते माश्या मारत बसले. संध्याकाळपर्यंत नऊ जण झाले, बाकीच्यांना पुढच्या तारखा मिळाल्या.

निघताना थाक म्हणाला, "इनसुकची आई, आता तरी घाम पूस. पोरगी कसली डॉक्टर आहे, ते गावाला केव्हाच ठाऊक आहे. दर मंगळवारी रेडिओवर बोलते ती."

"मेल्या, मग फलकावर गुडघे कशाला?"

"मनाची डॉक्टर लिहिलं असतं, तर बसमध्ये कोण चढलं असतं? मीही नसतो चढलो." त्याने खिशातली तारखेची चिठ्ठी हळूच दाखवली.

आईने ती चिठ्ठी हातात घेऊन पाहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "नवा फलक लिहा! मनोविकारतज्ज्ञ! अक्षरं डोंगरापलीकडून दिसली पाहिजेत. माझी पोरगी आहे ती!"

बस भरली, तरी आई काही चढेना. ती परत आत आली, रुग्णाच्या खुर्चीत बसली आणि तिने पायजमा वर केला.

"माझाही बघ गं."

"कधीपासून दुखतोय?"

"तू शहरात शिकायला गेलीस ना, त्या दिवसापासून."