निरीक्षकांच्या घरातली घरघर

‘आपला आवाज आम्हाला आवडला. मात्र याही नमुन्यात मागे सतत घरघर ऐकू येते. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्वच्छ नमुना मिळाला नाही, तर पुस्तक दुसऱ्या वाचकाकडे सोपवावं लागेल.’

सुनेने निरोप तिसऱ्यांदा वाचला आणि टेबलाखालच्या संगणकाकडे असं पाहिलं, की त्याच्या जागी माणूस असता तर त्याने मान खाली घातली असती. ठमीच्या जन्मानंतर नऊ महिन्यांनी चालून आलेलं हे पहिलं काम. बोलत्या पुस्तकांच्या एका कंपनीसाठी अख्खी कादंबरी वाचायची होती. ठमी झोपायची दुपारी दोन ते चार, म्हणून सुनेचं ऑफिसही दोन ते चार. दोन नमुने पाठवून झाले होते. आज सोमवार होता.

“मी पहिल्यापासून सांगतेय,” ठमीला खांद्यावर थोपटत सासूबाई म्हणाल्या, “तो डबा नाही, पिठाची गिरणी आहे. पोरीची झोप चाळवते त्याने.”

जेवायला घरी आलेल्या नवऱ्याने हात पुसत हे ऐकलं. तो वजनमापे खात्यात निरीक्षक. तो बाजारात शिरला की दुकानदार काउंटर पुसायला लागत. प्रत्येक दुकानात त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, “आधी काटा शून्यावर आहे का, ते दाखवा.”

“नुसतं घरघर घरघर म्हणून काय होणार?” तो म्हणाला. “किती घरघर, ते सांगा.”

त्याने मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं. सव्वादोनला, ठमी पलीकडच्या खोलीत आजीजवळ झोपल्यावर, त्याने संगणक सुरू करून मोबाइल त्याच्यासमोर धरला. चव्वेचाळीस डेसिबल. मंगळवारी पुन्हा त्याच वेळेला मोजलं. चव्वेचाळीस. दोन्ही आकडे त्याने वहीत लिहिले आणि सवयीने खाली सही केली.

“बघ, आकडा हलत नाही. गुन्हेगार हाच.”

संगणकाच्या दुकानातला तंत्रज्ञ मोबाइलवरच्या फोटोत आतला धूळ खाल्लेला पंखा बघून चुकचुकला. “साहेब, प्रोसेसर हे याचं डोकं. ते तापतं, म्हणून वर हा कूलर. पंखा छोटा आहे, त्यामुळे जीव तोडून फिरतो आणि ओरडतो. मोठा पंखा घ्या. तो सावकाश फिरेल, वाराही तेवढाच देईल आणि आवाज नाही.”

“किती मोठा?”

“जेवढा कॅबिनेटमध्ये बसेल तेवढा. रुंदी मोजून आणलीत?”

मोजून आणलीत का, हे त्याला विचारणं म्हणजे स्वयंपाक्याला मीठ माहीत आहे का विचारण्यासारखं. निरीक्षकांनी खिशातून चिठ्ठी काढली. “एकशे सत्तर मिलिमीटर. दोनदा मोजलंय.” आदल्या रात्री बसून अकरा कूलरांची तुलना करून त्यांनी एक आधीच निवडून ठेवला होता. उंची एकशे साठ, तांब्याच्या सहा नळ्या, आणि खोक्यावर डोळे मिटून झोपलेल्या घुबडाचं चित्र.

बुधवारी कूलर बसला. कॅबिनेटचं झाकण मात्र बसेना. निरीक्षकांनी रेटलं, सुनेने गुडघा लावला, तरी बोटभर फट राहिलीच.

“तू मोजलंस कुठून?” सुनेने विचारलं.

“इथून इथपर्यंत.”

“हे बाहेरून झालं. कूलर आत बसतो ना?”

निरीक्षकांनी मोजपट्टी हळूच खिशात घातली. “कोणाला सांगू नकोस,” ते म्हणाले.

गुरुवारी कूलर बदलून बुटका आणला. शुक्रवारी अर्धी रजा टाकून निरीक्षक जमिनीवर मांडी घालून बसले. प्रोसेसरवर उष्णता ओढून घेणारी पेस्ट वाटाण्याएवढी लावली, चार स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने आवळले. पाऊण वाजला, दीड वाजला. एक स्क्रू घरंगळून पलंगाखाली गेला आणि ठमीने तो सगळ्यांच्या आधी शोधला. सासूबाईंनी तो तिच्या मुठीतून सोडवून घेतला. पावणेदोनला झाकण बसलं. बटण दाबलं.

काहीच ऐकू आलं नाही. सुरू झालाय की नाही, हे कळायला दिवा बघावा लागला.

“अगं बाई,” सासूबाई म्हणाल्या, “मेला की काय?” आणि ठमीला घेऊन पलीकडे निजवायला गेल्या.

सुनेने सव्वादोनला माइक लावला, हेडफोन चढवला, पाणी प्यायली. पहिलं वाक्य छान गेलं. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी तिचा चेहरा पडला. तिने हेडफोन काढून नवऱ्याच्या कानाला लावला.

घर्रर्र… घर्रर्र…

“अशक्य आहे,” तो कुजबुजला. त्याने संगणक बंद केला. मग भिंतीवरचं बटण बंद केलं. मग प्लगच उपटून हातात घेतला आणि दुसऱ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. चव्वेचाळीस.

“तू,” सून एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “संगणक बंद ठेवून एकदाही मोजलं नव्हतंस?”

गावातल्या प्रत्येक तराजूला शून्य विचारणारा माणूस उपटलेला प्लग हातात धरून उभा होता.

“चल,” ती म्हणाली. अडीच वाजले होते.

मोबाइल पुढे धरून दोघं पावलं न वाजवता निघाले. बोळात अठ्ठेचाळीस. पलीकडच्या खोलीच्या दारात बावन्न. पलंगाशी छप्पन्न. सासूबाई उताण्या झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. त्यांच्या कुशीत ठमी, मूठ आजीच्या पदरात. निरीक्षकांनी मोबाइल आईच्या तोंडाशी नेला, तसा आकडा आणखी चढला.

“आता आईंना सांगणार कोण?” सुनेने कुजबुजत विचारलं.

“तू सांग.”

“तुझी आई आहे.”

“तुझी सासू आहे. माझं ती ऐकत नाही.”

“मी सांगितलं, तर ठमीच्या लग्नातही आठवण काढतील.”

मग निरीक्षकांनी आईचा खांदा हळूच कुशीवर वळवला. घरघर थांबली. त्याच क्षणी ठमीने एक डोळा उघडला आणि तिचा खालचा ओठ बाहेर आला. दोघं दगडासारखी उभी राहिली. पण लगेच घरघर सुरू झाली, आधीपेक्षा खणखणीत, आणि ठमीचा डोळा मिटला.

बाहेर बोळात येऊन सुनेने भिंतीला पाठ टेकली. “म्हणजे आईंना उठवलं तर ठमी उठणार, आणि नाही उठवलं तर माझं काम जाणार. नऊ महिन्यांनी मी काहीतरी माझं म्हणून करायला घेतलं होतं रे.”

निरीक्षकांनी तिच्याकडे पाहिलं. मग किल्ल्या घेतल्या. “मी ठमीला खाली गाडीत घेऊन बसतो. काचा बंद केल्या, की ओरडली तरी वर ऐकू येणार नाही. तू आईला चहाच्या निमित्ताने उठव आणि वाच.”

काचेचं भांडं उचलावं तसं त्याने ठमीला उचललं. गंमत म्हणजे त्याने उंबरा ओलांडला आणि आतली घरघर आपोआप थांबली. सुनेला चहा करावाच लागला नाही. देव पावला असं समजून ती माइकपुढे जाऊन बसली.

खाली गाडीत ठमी पाचव्या मिनिटाला जागी झाली आणि तिने सूर लावला. निरीक्षकांनी खुळखुळा वाजवला, टाळ्या वाजवल्या, वाकुल्या दाखवल्या. मग इकडेतिकडे बघून, काचा वर आहेत याची खात्री करून, त्यांनी डोळे मिटले आणि घोरायला सुरुवात केली. ठमी चमकून गप्प झाली. ते थांबले की ती ओठ काढायची, म्हणून ते थांबेनात. शेजारच्या शिंपीणबाईंनी काचेवर टकटक करून विचारलं, “साहेब, बरं वाटत नाहीये का?” त्यांनी घोरता घोरताच हात हलवला.

पाचला वीस कमी असताना ‘नवा कूलर बसवला आहे’ अशा ओळीसह नमुना गेला. पाचला पाच कमी असताना उत्तर आलं. ‘अतिशय स्वच्छ. पुस्तक आपलंच. घरघर पूर्ण गेली! कूलर कोणता बसवलात, ते जरूर कळवा. आमच्या इतर वाचकांनाही उपयोग होईल.’

सून खुर्चीतच रडली, मग हसली. निरीक्षक वर आले तेव्हा घामाने निथळत होते आणि घसा पार बसला होता. ठमी त्यांच्या हातांतून झेपावून आजीकडे गेली.

“तुला घोरता येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “बाल्कनीतून बघत होते मी. तोंड केवढं वासलं होतंस! आणि ते उगाच दमल्यासारखं करू नकोस. मी रोज दोन तास करते.”

“काय करतेस?”

“घोरते. दुसरं काय?” त्यांनी ठमीचं नाक पुसलं. “दुपारी झोप मला जन्मात आलेली नाही. पण ही कार्टी त्याशिवाय निजत नाही, आणि ही निजली नाही तर सूनबाईने वाचायचं कधी? त्यात तुमचा डबा कोकलणार. त्याच्यावर ताण करायची म्हणजे आवाज चढवावाच लागतो.”

सून खुर्चीतून उठली. “आई, म्हणजे आम्ही तिथे उभे होतो, तेव्हा तुम्ही…”

“जागी. तुम्ही दोघं तो मोबाइल माझ्या नाकाशी धरून कोणी सांगायचं यावरून भांडत होतात. हसू दाबता दाबता जीव गेला माझा. ठमीच्या लग्नात आठवण काढीनच, बरं का.”

सून लाल झाली. मग तिने पुढे होऊन सासूबाईंच्या हातात पाण्याचा ग्लास दिला, आणि त्यांनी तो एका दमात संपवला.

“आता डबा गप्प झालाय,” त्या म्हणाल्या. “सोमवारपासून हळू घोरेन, दार लावून. चालेल?”

“चालेल.”

मग सासूबाईंनी पदर सारखा करत, सहज विचारल्यासारखं मुलाला विचारलं,

“किती आला रे माझा आकडा?”

“छप्पन्न,” निरीक्षक बसक्या आवाजात म्हणाले. “तोंडाशी एकसष्ट.”

“एकसष्ट!” सासूबाईंनी ठमीला कडेवर सावरून घेतलं. “वहीत लिही ते. आणि खाली सही कर.”