पुस्तकं हटवा, मॅडम येतायत

शाळेचं ग्रंथालय आधुनिक कसं करायचं, हे आर्णी तालुक्यात कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा. मी ग्रंथपाल आहे. पुस्तकं मी इतकी जपली, की आजवर एकाही पोराचा हात त्यांना लागू दिला नाही.

यंदा तपासणीला शिक्षणाधिकारी मॅडम येणार होत्या. ग्रंथालय ‘डिजिटल’ दिसलं नाही तर मी अतिरिक्त ठरणार आणि बदली थेट वणीला. आर्णीत माझं घर, सासूबाईंच्या हातचं जेवण आणि दुपारची झोप. वणीत ट्रक आणि कोळशाची धूळ.

मुख्याध्यापक सदाशिवराव म्हणाले, “कपिलभाऊ, पह्यले पुस्तकं हटवा. पुस्तकं दिसली की लायब्ररी जुनाट वाटते.”

“ठेवू कुठी?”

“खिचडीच्या खोलीत. तिथं कोण पाह्यते?”

मी कपाटं रिकामी केली, भिंतीवर डिजिटल पडदा लावला, दारावर ‘ज्ञान केंद्र’ अशी पाटी ठोकली. खोली इतकी आधुनिक झाली, की आत काहीच उरलं नाही.

मॅडम आल्या आणि लाईन गेली. त्यांनी काळ्या पडद्याकडे पाहिलं.

“इथे मुलं काय करतात?”

“ऑनलाईन वाचतात, मॅडम.”

“आणि आत्ता कुठे आहेत?”

तेवढ्यात खिचडीच्या खोलीतून हसण्याचा आवाज आला. मॅडम तिकडे वळल्या, मागोमाग आम्ही. पोरं तांदळाच्या पोत्यांवर लोळत वाचत होती. माझ्या कोऱ्या पुस्तकांवर हळदीची बोटं!

खिचडी शिजवणाऱ्या सोनीबाई ओरडल्या, “सर, हे पुस्तकं उचला ना इथून. पोट्टे पोत्यावरून उठूनच नाही राह्यले. मी खिचडीत काय टाकू?”

“ही कल्पना कुणाची?” मॅडमनी विचारलं.

सदाशिवरावांनी तत्परतेनं माझ्याकडे बोट दाखवलं. पण मॅडमचा चेहरा खुललेला दिसला आणि माझी छाती आपोआप पुढे आली.

“माझीच, मॅडम. मुख्याध्यापकांचा तर विरोध होता.”

“वा. ग्रंथपाल असाच हवा, नुसता कपाटाचा राखणदार काय कामाचा? इथे तर आता मुलांनीच सगळं हाती घेतलंय. तुमची खरी गरज वणीला आहे. सोमवारी तिथे रुजू व्हा.”

सगळ्यात आधी टाळ्या सदाशिवरावांनी वाजवल्या.

सध्या मी वणीत आहे. रोज दुपारी पुस्तकांचा गठ्ठा घेऊन खिचडीच्या खोलीच्या दाराशी उभा राहतो. इथल्या बाई मान वर न करता सांगतात, “सर, गठ्ठा भायेर ठेवा, ताट घ्या आन् लायनीत लागा.”

मी लागतो. खिचडी बरी असते.