जसं होतं तसंच

"पप्पा, घराला कुणी हात लावलाय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही!" श्रेयांसने गाडीच्या खिडकीत तोंड घालून छातीठोक सांगितलं.

धुळ्याला लेकीकडे निघालेल्या फुलचंदशेठांनी पिशवी मांडीवर घट्ट धरली. "माझं घर मला परकं वाटलं, तर मी धुळ्यालाच राहीन. कायमचा."

जळगावातला हा बैठा बंगला चौसष्ट सालचा. मोझॅकची फरशी, खिडक्यांना मोराच्या जाळ्या. श्रेयांसने हिलाल आबा मिस्त्रींना बजावलं, "सगळं मजबूत करा, पण घर जसं होतं तसंच राहिलं पाहिजे. कणभर फरक नको!"

आबांनी मान डोलावली. मोबाइलवर चारशे फोटो काढले आणि कामाला लागले.

महिन्याभराने श्रेयांस बायकोला, चेलनाला घेऊन काम बघायला गेला. फरशी आरशासारखी, मोर तर आत्ताच आंघोळ करून आल्यासारखे! पण नवंकोरं दार काही उघडेना.

"खांदा मारा, भाऊ," आतून आबा ओरडले. "जुनं बी असंच अडकायचं ना? तीन येळा रंधा मारला, तवा कुठे बरोबर अडकलं!"

चेलनाने न्हाणीघराचं बटण दाबलं. स्वयंपाकघरात दिवा लागला.

"नवी वायरिंग शे," आबा अभिमानाने म्हणाले. "पण चूक जुनीच ठेवेल शे!"

"आणि ही बादली?"

"गळतीखाली. मी स्लॅब पक्का करी टाका, मंग मीच बोटभर भोक सोडं. थेंब बरोबर जुन्याच जागी पडस!"

श्रेयांस मटकन झोपाळ्यावर बसला. "आबा, परवा पप्पा येतायत! हे सगळं नीट करा!"

"नीट?" आबांचा चेहरा असा पडला, जणू कुणी त्यांच्या मूर्तीचं नाक तोडायला सांगितलं. पण दोन दिवसांत त्यांनी सगळं नीट केलं.

फुलचंदशेठ आले. फाटकापाशी थबकले. मोर बघून डोळे ओलावले. श्रेयांसने चेलनाकडे विजयी नजर टाकली. शेठ पायऱ्या चढले, साठ वर्षांच्या सवयीने खांदा खाली केला आणि दाराला दणका दिला.

दार लोण्यासारखं उघडलं. शेठ आरशासारख्या फरशीवरून कॅरमच्या सोंगटीसारखे घसरत गेले ते थेट झोपाळ्यात! झोपाळ्याने तीन हेलकावे घेतले.

शेठ शांतपणे उतरले. स्वयंपाकघरात दिवा लावायला म्हणून न्हाणीघराचं बटण दाबलं. न्हाणीघर उजळलं. त्यांनी वर कोरड्या छताकडे बघितलं, खाली बादलीची रिकामी जागा बघितली.

"श्रेयांस," ते म्हणाले, "घर छान आहे. कुणाचं आहे?"

आणि पिशवी उचलून गाडीत जाऊन बसले.

श्रेयांसने गाडीला आडवं उभं राहूनच फोन लावला. "आबा! पहिल्यासारखं करून द्या! दार, बटण, गळती, सगळं! आज संध्याकाळपर्यंत!"

पलीकडे आबांनी सावकाश तंबाखू मळली.

"नीट करानं काम दोन दिनमा व्हस, भाऊ," ते म्हणाले. "बिघडाडाले महिना लागस. कारागिरी शे ती!"